लस घेतल्यानंतर धरलेला खांदा आणि नुकसानभरपाईचा हक्क



नवरात्राची गडबड सुरू झाली की इथे अमेरिकेत फ्लूच्या लशीचाही हंगाम सुरू होतो. औषधाच्या दुकानात दूध-ब्रेड घेता घेता आपण बाही वर करतो, लस टोचून घेतो आणि दिवाळीच्या तयारीला लागतो. दंड एक-दोन दिवस ठणकतो आणि मग आपण ते विसरूनही जातो. बहुतेकांची गोष्ट इथेच संपते. हा लेख ज्यांची संपत नाही त्यांच्यासाठी आहे.

लेख लिहायला निमित्त झाले ते आमच्या ओळखीतल्या एका काकूंचे. त्या सांगलीहून लेकीकडे सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. थंडी सुरू होण्याआधी लेकीने त्यांना फ्लूची लस देऊन आणली. त्याच रात्री खांदा दुखायला लागला. "व्हिजिटर इन्शुरन्सचा उगीच खर्च नको" म्हणून काकू तीन आठवडे काही बोलल्या नाहीत. शेक घेतला, तेल चोळले. एक दिवस त्यांना स्वतःची वेणी घालता येईना, तेव्हा कुठे लेकीच्या लक्षात आले. पुढे सांगलीला परत गेल्यावर आठ महिने फिजिओथेरपी चालली. अशा दुखापतीसाठी अमेरिकेत भरपाईचा कायदा आहे आणि पाहुणी म्हणून आलेल्या आईलाही तो लागू होतो, हे लेकीला कळले तेव्हा लस घेऊन तीन वर्षे दोन महिने झाले होते. मुदत तीन वर्षांची आहे. दोन महिन्यांनी सगळे हुकले.

आपल्या माणसांना दुखणे अंगावर काढायची सवय असते. या बाबतीत ती सवय फार महाग पडते, म्हणून ही माहिती एका ठिकाणी मांडत आहोत.

एक खुलासा आधीच

हा लेख लशींच्या विरोधात नाही. आम्ही स्वतः दर वर्षी लस घेतो आणि घरातल्या ज्येष्ठांनाही देतो. खांद्याची ही दुखापत क्वचितच होते. तिचा संबंध लशीतल्या औषधापेक्षा सुई कुठे आणि किती खोल गेली याच्याशी अधिक आहे. शिवाय आम्ही वकील नाही. इथे दिलेली माहिती वाट दाखवण्यापुरती आहे. प्रत्यक्ष पाऊल टाकण्यापूर्वी वकिलाशी बोलावे.

हे दुखणे नेमके काय आहे?

लस दंडाच्या डेल्टॉइड नावाच्या जाड स्नायूत द्यायची असते. या स्नायूच्या वरच्या भागाखाली, खांद्याच्या हाडाजवळ, 'बर्सा' नावाची पातळ पिशवी असते. हाड आणि स्नायूबंध एकमेकांवर घासू नयेत म्हणून ती असते. सुई फार वर टोचली गेली किंवा सडपातळ माणसाला लांब सुई वापरली गेली, तर लस स्नायूऐवजी या पिशवीत किंवा सांध्याजवळ जाऊ शकते. मग तिथे सूज येते. खांद्याचे स्नायूबंध दुखावतात आणि काहींचा खांदा पूर्ण आखडतो. त्यालाच आपण 'फ्रोझन शोल्डर' म्हणतो.

डॉक्टर आणि वकील या दुखापतीला 'सिर्व्हा' म्हणतात. 'शोल्डर इंज्युरी रिलेटेड टू व्हॅक्सिन अॅडमिनिस्ट्रेशन' याचे ते लघुरूप. २०१० साली १३ रुग्णांवरचा एक वैद्यकीय लेख प्रसिद्ध झाला आणि हे नाव रूढ झाले. २०११ साली इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनच्या समितीनेही दंडात दिलेल्या इंजेक्शनमुळे बर्साला सूज येऊ शकते हे मान्य केले.

नेहमीचे दुखणे आणि हे दुखणे यांतला फरक साधा आहे. नेहमीचे दुखणे दोन-चार दिवसांत ओसरते. हे दुखणे ओसरत नाही आणि हात वर, बाजूला किंवा पाठीमागे जाईनासा होतो. ब्लाऊजचे हुक लावणे, केस विंचरणे, गाडीचा सीटबेल्ट ओढणे, वरच्या कप्प्यातला डबा काढणे, त्या कुशीवर झोपणे, सगळेच जड जाते.

हा कायदा आला कुठून?

१९८०च्या दशकात डांग्या खोकल्याच्या तेव्हाच्या लशीवरून अमेरिकेत कंपन्यांवर इतके दावे झाले की काही कंपन्यांनी लशी बनवणेच सोडले. लशींचा तुटवडा पडेल अशी भीती निर्माण झाली. तेव्हा काँग्रेसने १९८६ साली कायदा केला आणि १ ऑक्टोबर १९८८ पासून नॅशनल व्हॅक्सिन इंज्युरी कॉम्पेन्सेशन प्रोग्रॅम, म्हणजेच 'व्हीआयसीपी', सुरू झाला.

पद्धत अशी आहे की यादीतल्या प्रत्येक लशीवर, ती जितक्या रोगांपासून रक्षण करते त्या प्रत्येक रोगामागे, ७५ सेंट कर घेतला जातो. फ्लूच्या लशीवर ७५ सेंट, तर गोवर-गालगुंड-रुबेलाच्या एकत्र लशीवर सव्वादोन डॉलर. त्या पैशाचा निधी होतो आणि त्यातून भरपाई दिली जाते. सुरुवातीपासून आजवर या निधीतून पाच अब्ज डॉलरहून अधिक रक्कम दिली गेली आहे.

आपल्या दृष्टीने सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे इथे कुणाची चूक सिद्ध करावी लागत नाही. प्रतिवादी असतो तो केंद्र सरकारचा आरोग्य सचिव. लस देणारी नर्स, फार्मसिस्ट किंवा डॉक्टर या प्रकरणात पक्षकार नसतात. आपल्यापैकी अनेकांचे डॉक्टर आपलेच मित्र असतात, गणपतीत आपल्या शेजारी बसून आरती म्हणतात. "त्यांच्यावर खटला कसा घालायचा?" हा संकोच आम्ही ऐकला आहे. तो ठेवण्याचे कारण नाही. उलट बहुतेक बाबतीत कायद्याने आधी याच मार्गाने जावे लागते. डॉक्टरवर किंवा कंपनीवर थेट मोठा दावा लावता येत नाही.

आपल्याला अर्ज करता येतो का?

नागरिकत्वाची अट नाही, ग्रीन कार्डाचीही नाही. लस अमेरिकेत घेतलेली असणे ही अट आहे. म्हणजे एच-१ वर आलेला इंजिनिअर, एच-४ वरची त्याची पत्नी, विद्यार्थी आणि व्हिजिटर व्हिसावर आलेले आई-बाबा, सगळ्यांना अर्ज करता येतो. वयाचीही अट नाही. मुलांच्या वतीने पालक अर्ज करतात.

मायदेशी गेल्यावर तिथे लस घेतली तर? साध्या नागरिकासाठी नियम असा की लस अमेरिकेतल्या कंपनीने बनवलेली असली पाहिजे आणि घेणारा सहा महिन्यांच्या आत अमेरिकेत परतला पाहिजे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची लस पुण्यात टोचून घेतली असेल, तर हा मार्ग बंद आहे.

कुठल्या लशी यात येतात?

फ्लू, धनुर्वात (टीडी, टीडॅप), हिपॅटायटिस ए आणि बी, एचपीव्ही, गोवर-गालगुंड-रुबेला, कांजिण्या, मेनिंजायटिस आणि न्यूमोनियाची 'कॉन्जुगेट' प्रकारची लस, या दंडात दिल्या जाणाऱ्या प्रमुख लशी यादीत आहेत.

काय येत नाही तेही लक्षात ठेवावे. पन्नाशीनंतर घ्यायची नागिणीची लस (शिंगल्स) यादीत नाही. न्यूमोनियाची जुनी २३ प्रकारांवरची लस नाही. भारतात जाण्यापूर्वी आपण घेतो ती टायफॉइडची लसही नाही. या लशींमुळे दुखापत झाली तर त्या त्या राज्याच्या नेहमीच्या कायद्याने जावे लागते. तिथे चूक सिद्ध करावी लागते आणि मुदतही अनेकदा तीन वर्षांपेक्षा कमी असते.

एकाच दिवशी दोन लशी घेतल्या असतील, एक यादीतली आणि एक बाहेरची, तर कोणती कुठल्या दंडात दिली यावर सगळे अवलंबून राहते. म्हणून ते त्याच वेळी नीट लिहून घ्यावे.

कोविडची लस वेगळी

कोविड-१९ ची लस व्हीआयसीपीत येत नाही. तिच्यासाठी 'सीआयसीपी' नावाचा निराळा कार्यक्रम आहे. तिथे लस घेतल्यापासून अवघ्या एका वर्षात अर्ज करावा लागतो. वकिलाची फी मिळत नाही, वेदनेची भरपाई नाही आणि न्यायालयही नाही. सरकारी खातेच निर्णय देते. फ्लू आणि कोविडची लस एकाच दिवशी घेणाऱ्यांनी हा फरक विसरू नये.

खांद्याच्या दुखापतीच्या अटी

२१ मार्च २०१७ पासून सिर्व्हाचा समावेश सरकारच्या अधिकृत तक्त्यात झाला. जानेवारी २०२१ मध्ये ती तक्त्यातून काढण्याचा नियम जाहीर झाला होता, पण तो अमलात येण्याआधीच एप्रिल २०२१ मध्ये रद्द झाला. तक्त्यात असण्याचा फायदा असा की पुढच्या चार अटी पूर्ण केल्या तर दुखापत लशीमुळेच झाली असे धरले जाते, वेगळे सिद्ध करावे लागत नाही.

१. लस घेण्यापूर्वी त्या खांद्याला दुखणे, सूज किंवा हालचालीची अडचण नव्हती.
२. दुखणे लस घेतल्यापासून ४८ तासांच्या आत सुरू झाले.
३. दुखणे आणि हालचालीतला अडथळा लस दिलेल्या खांद्यापुरताच आहे.
४. लक्षणांचे दुसरे कारण (उदा. मानेच्या मणक्याचा त्रास) दिसत नाही.

या चारांखेरीज सगळ्या दाव्यांना लागू असलेल्या दोन अटी आहेत.

पहिली, त्रास लस घेतल्यापासून सहा महिन्यांहून अधिक काळ टिकलेला असावा. नाहीतर रुग्णालयात दाखल होऊन शस्त्रक्रिया झालेली असावी.

दुसरी, पहिले लक्षण दिसल्यापासून तीन वर्षांच्या आत अर्ज न्यायालयात पोचला पाहिजे. डॉक्टरांनी निदान केले त्या दिवसापासून नव्हे, पहिल्यांदा दुखले त्या दिवसापासून. लहान मुलांनाही यात वेगळी सवलत नाही.

चारपैकी एखादी अट बसत नसेल, उदाहरणार्थ दुखणे चौथ्या दिवशी सुरू झाले, तरी अर्ज करता येतो. पण मग कारण आपल्याला तज्ज्ञांच्या मताने सिद्ध करावे लागते आणि ते बरेच कठीण जाते.

खरी लढाई कागदांची

अर्जदाराच्या नुसत्या सांगण्यावर भरपाई देता येत नाही, त्याला वैद्यकीय नोंदींचा किंवा वैद्यकीय मताचा आधार हवा, असे कायद्यातच लिहिले आहे. त्यामुळे प्रकरण कोर्टात उभे राहायच्या कितीतरी आधी, पहिल्या काही आठवड्यांतच, त्याचे भवितव्य ठरलेले असते. आमची विनंती आहे की हा भाग कापून फ्रिजवर लावून ठेवा.

*लस घेताना:* पावती आणि लशीची नोंद मागून घ्या. तिच्यावर तारीख, लशीचे नाव, कंपनी, लॉट नंबर आणि कोणत्या दंडात दिली ते असावे. डावा की उजवा ही नोंद अनेकदा चुकीची पडते, कारण संगणकात आधीच एक बाजू भरलेली असते. तिथल्या तिथे वाचून दुरुस्त करून घ्या.

*दुखणे आठवड्यात ओसरले नाही तर:* डॉक्टरकडे जा. नुसते "खांदा दुखतोय" म्हणू नका. "अमुक तारखेला या दंडात लस घेतली आणि त्याच रात्रीपासून दुखतंय" असे तारखेसकट सांगा आणि ते तसेच लिहिले गेले आहे का हे पेशंट पोर्टलवर पाहा.

*जे खरे आहे तेवढेच सांगा:* "खांदा काय, अधूनमधून धरतोच" असे आपण सहज बोलून जातो. ते डॉक्टरांच्या नोंदीत उतरते आणि पहिल्या अटीवरच घाव बसतो. पूर्वी खरोखर त्रास असेल तर तो लपवू नये, कारण जुनी कागदपत्रेही मागवली जातात. पण नसलेला त्रास बोलण्याच्या ओघात आणूही नये.

*मधुमेह असेल तर:* मधुमेहींमध्ये खांदा आखडण्याचे प्रमाण मुळातच जास्त असते. त्यामुळे दुखणे लशीनंतर ४८ तासांत सुरू झाले ही नोंद त्यांच्यासाठी दुप्पट महत्त्वाची ठरते.

*उपचारात खंड पडू देऊ नका:* तपासणी, एक्स-रे, एमआरआय, फिजिओथेरपी, स्टेरॉइडचे इंजेक्शन, जे डॉक्टर सांगतील ते वेळेवर करा. मधे पाच-सहा महिने कुठलीच नोंद नसेल तर "त्रास फारसा नव्हता" असा अर्थ निघतो. घरचा शेक आणि हळदीचा लेप जरूर करा, पण त्याची नोंद कुणाकडे नसते हे ध्यानात ठेवा.

*भारतात उपचार घेतले तर:* तेही धरले जातात. मात्र डॉक्टरांचे लेटरहेड, तारीख, तपासणीत काय आढळले आणि हात किती वर जातो हे लिहिलेले हवे. फिजिओथेरपिस्टकडून दिवसवार हजेरी आणि शेवटी लेखी अहवाल घ्या. मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर जोडा. आई-बाबा परत जाण्यापूर्वी एकदा तरी इथल्या डॉक्टरांना दाखवून नोंद करून ठेवा. काकूंच्या बाबतीत नेमके हेच राहून गेले.

*घरातले पुरावे:* बहिणीला पाठवलेला "कालच्या लशीनं हात वर होईना" असा व्हॉट्सअॅप संदेश, ऑफिसला पाठवलेली रजेची ई-मेल, दुखण्याची रोजनिशी, हे पुसून टाकू नका. घरच्यांचे शपथपत्रही जोडता येते. नोंदींची जागा या गोष्टी घेत नाहीत, पण त्यांना बळ देतात.

*व्हेअर्स:* लशीच्या दुष्परिणामांची नोंद करण्यासाठी 'व्हेअर्स' ही सरकारी यंत्रणा आहे. तिथे जरूर कळवा. पण तिथे कळवणे म्हणजे दावा करणे नव्हे. या गैरसमजात राहून लोकांची मुदत निघून जाते.

वकील आणि खर्च

हे दावे वॉशिंग्टन येथील कोर्ट ऑफ फेडरल क्लेम्समध्ये चालतात. वकील त्या न्यायालयात नोंदलेला असावा लागतो. तो आपल्याच गावचा असण्याची गरज नाही, कारण बहुतेक काम कागदावर आणि फोनवर होते. अशा वकिलांची यादी न्यायालयाच्या संकेतस्थळावर मिळते.

वकिलाची वाजवी फी आणि खर्च हा कार्यक्रमच वेगळा देतो. दावा हरला तरी, तो प्रामाणिकपणे आणि वाजवी आधारावर केलेला असेल, तर फी मिळू शकते. आपल्या भरपाईतून टक्केवारी घ्यायला कायद्याने वकिलाला मनाई आहे. कुणी "तीस टक्के माझे" म्हणाला तर नमस्कार करून उठावे. अर्ज दाखल करायची फी चारशे डॉलरच्या आसपास आहे आणि ऐपत नसेल तर ती माफ करण्याची विनंती करता येते. वकिलाशिवायही अर्ज करता येतो, पण आम्ही तसे सुचवणार नाही.

अर्जानंतर काय होते?

अर्ज आणि कागदपत्रे दाखल झाली की आरोग्य खात्याचे डॉक्टर ती तपासतात. सरकारचे वकील त्यावर अहवाल देतात. निर्णय 'स्पेशल मास्टर' नावाचे न्यायिक अधिकारी देतात, तिथे ज्युरी नसते. खांद्याची अनेक प्रकरणे साक्षीपुराव्याशिवाय तडजोडीने मिटतात. तरीही धीर हवा. कायद्याने स्पेशल मास्टर जास्तीत जास्त आठच असू शकतात आणि अर्ज भरपूर असतात. दोन-तीन वर्षे लागणे नवलाचे नाही.

निर्णय पटला नाही तर वरच्या पायरीवर दाद मागता येते. किंवा निकाल नाकारून नेहमीच्या दिवाणी न्यायालयात जाता येते. २०११ च्या ब्रूसविट्झ विरुद्ध वायथ या खटल्यानंतर लशीच्या रचनेतल्या दोषावरून कंपनीवर दावा मात्र करता येत नाही.

आणखी एक गोष्ट. हे निकाल जाहीर होतात आणि त्यात अर्जदाराचे नाव असू शकते. खासगी वैद्यकीय तपशील झाकायचा असेल तर निर्णयानंतर चौदा दिवसांच्या आत तशी विनंती करावी लागते. वकिलाला आधीच सांगून ठेवावे.

काय मिळते?

विम्याने न भरलेला झालेला आणि पुढे होणारा वैद्यकीय खर्च, बुडालेले वेतन आणि वेदनेबद्दल जास्तीत जास्त अडीच लाख डॉलर. ही मर्यादा १९८६ च्या कायद्यातली, आजही तीच आहे. खांद्याच्या प्रकरणांत बहुतेकांना यापेक्षा बरेच कमी मिळते. दुखणे किती काळ टिकले, शस्त्रक्रिया झाली का, हात किती परत आला, यावर रक्कम ठरते.

मुळात दुखापत होऊच नये म्हणून

लस घेताना सैल, बिनबाह्यांचे किंवा बाही पूर्ण वर जाईल असे कपडे घाला. स्वेटरचा गळा खाली ओढून खांदा उघडा केला की सुई वर टोचली जाण्याचा धोका वाढतो. बसूनच लस घ्या आणि देणाऱ्यालाही बसायला सांगा. खांद्याच्या टोकाच्या हाडाखाली दोन-तीन बोटे सोडून दंडाच्या मध्यभागी, ही योग्य जागा. वजन १३० पौंडांपेक्षा (सुमारे ५९ किलो) कमी असेल तर आखूड सुई चालते. आपल्या घरातल्या सडपातळ आजींसाठी ते जरूर विचारा. "थोडं खाली द्याल का?" असे विचारण्यात कसलाही अपमान नाही.

या नियमांत आणि लशींच्या यादीत वेळोवेळी बदल होतात. अर्ज करण्यापूर्वी आरोग्य खात्याच्या संकेतस्थळावरचा ताजा तक्ता पाहून घ्यावा.

काकूंचा हात आता बराच वर जातो. पूर्ण नाही. हा लेख लिहू का असे विचारले तेव्हा फोनवर त्या म्हणाल्या, "लिहा बाई. माझं राहिलं ते राहिलं, दुसऱ्या कुणाचं राहायला नको." आपल्या घरी कुणाचा खांदा लशीनंतर अजून दुखत असेल, तर आज कॅलेंडर उघडून लशीची तारीख शोधा आणि तिच्यापुढे तीन वर्षे मोजा. उरलेले दिवस हातात आहेत तोवर उठा.



वार्तापत्र समिती